अंदमान : सत्तरीच्या आईबाबांना जॉली बॉयला न्यावं का?

दुपारची_डुलकी | २ डिसेंबर

मंडळी, मदत हवीये. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमानला चाललोय, सहा रात्री. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. बाबा ७३, आई ६९. बाबांसाठी अंदमान म्हणजे सेल्युलर जेल, ते झालं की त्यांचे पैसे वसूल, पुढचे पाच दिवस हॉटेलात पेपर वाचत बसायलाही त्यांची तयारी आहे. आईचं म्हणणं "समुद्र बघायचाय, पण त्यात जायचं नाहीये". आणि लेकीने शाळेत प्रवाळावर प्रोजेक्ट केलंय, थर्माकोलवर गुलाबी रंग फासून, त्यामुळे तिला आता खरं प्रवाळ बघायचंय, बाकी कशाशी देणंघेणं नाही.

तर प्रश्न असा की वांडूरचं जे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, त्यातलं जॉली बॉय बेट करावं का? आमचा एजंट म्हणतो, "सर कशाला, परमिटची कटकट, पूर्ण दिवस जातो, वर काहीच मिळत नाही. नॉर्थ बे करा, तिथे सगळं आहे." हे 'सगळं आहे' ऐकूनच मला जरा शंका आली. आईचे गुडघे फार चांगले नाहीत, जिना चढते पण बडबडत.

प्लीज थायलंडला जा, तेवढ्याच पैशात होतं, असं सांगू नका. तिकिटं काढून झालीत.

बोंबील_फ्राय | २ डिसेंबर

तेवढ्याच पैशात थायलंड... बरं बरं, गप्प बसतो :)

नंदादीप | २ डिसेंबर

आम्ही गेल्या मार्चमध्ये केलं. डोळे झाकून करा. आयुष्यात पहिल्यांदा असं पाणी पाहिलं, बोटीतून खाली वाकलं की तळाची वाळू मोजता येईल इतकं नितळ. फक्त एक लक्षात ठेवा, सोमवारी बंद असतं. आमच्या ग्रुपमधल्या दोन फॅमिलींनी नेमका सोमवार धरला होता, त्या दिवसभर पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारात फिरत बसल्या.

वऱ्हाडी_ठेचा | २ डिसेंबर

माझं मत उलटं आहे, दिवे घ्या. पहाटे उठा, तीसेक किलोमीटर गाडीने वांडूरला जा, लाइनीत उभे रहा, बॅगा उपसून दाखवा, मग तासभर बोट, मग मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत उड्या, आणि बेटावर काय तर झाडं आणि वाळू. ना चहा ना भजी. काचेच्या तळाच्या बोटीतून वीस मिनिटं जे दाखवलं ते मला तरी करड्या दगडांसारखं दिसलं. बोटवाला सांगत होता "ये देखो ब्रेन कोरल, ये देखो फिंगर कोरल" आणि आम्ही सगळे अरे वा अरे वा करत होतो, पण खरं सांगतो, मला शेवटपर्यंत कळलं नाही कुठला दगड आणि कुठलं प्रवाळ. दोन-अडीच तासांत शिट्टी वाजवून परत. सत्तरीच्या माणसांना या भानगडीत पाडू नका.

चिंचेचा_कोळ | ३ डिसेंबर

बेटावर चहा-भजी नाही हाच तर मुद्दा आहे ना काका? चहा-भजी आली की मागोमाग कागदी प्लेटा येतात, मग कुत्री, मग कावळे, मग 'आय लव्ह जॉली बॉय' लिहिलेला सेल्फी पॉइंट.

वऱ्हाडी_ठेचा | ३ डिसेंबर

काका कोणाला म्हणतेस, मी ४१ आहे.

बंगालच्या_उपसागरातून | ३ डिसेंबर

नवऱ्याच्या नोकरीमुळे पोर्ट ब्लेअरला साडेचार वर्षं काढली, पाहुणे इतके आले की वांडूरच्या वाऱ्या मोजायच्या सोडून दिल्या होत्या. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे उद्यान १९८३ साली जाहीर झालं. क्षेत्र २८१.५ चौरस किलोमीटर, त्यात पंधराएक बेटं आणि मधल्या खाड्या. पर्यटकांना दोनच बेटं, जॉली बॉय आणि रेड स्किन, आणि तीही एका वेळी एकच. साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, पावसाळ्यात रेड स्किन. म्हणजे एका बेटाला सहा महिने सुट्टी. जानेवारीत जाताय म्हणजे तुम्हाला जॉली बॉयच. परमिट वनखात्याचं असतं, रोजची माणसांची संख्या ठरलेली, त्यामुळे विमानाची तिकिटं काढलीत तसं हेही आधी काढा. एजंटला कटकट वाटते कारण त्यात त्याला फारसं सुटत नाही. नॉर्थ बेला सी वॉक, जेट स्की, स्कूबा, प्रत्येकात कमिशन. हे मी त्याच्या धंद्याला नावं ठेवायला नाही सांगत, पण 'सगळं आहे' चा अर्थ तो.

आता गुडघे. जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट अलीकडे उभी राहते, तिथून काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत जायचं, ती तुम्हाला किनाऱ्याशी आणते आणि शेवटचं पाऊल पाण्यातच. खरी परीक्षा तिथे, दोन्ही बोटी हलत असतात. बोटीवरची पोरं दोन्ही हात धरून उतरवतात, त्यांना सवय आहे. माझ्या सासूबाई तेव्हा ७१ च्या होत्या, त्या उतरल्या. पण साडी नको. पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅकपँट, आणि मागे पट्टा असलेली रबरी चप्पल. बाथरूमचं काम वांडूरलाच उरकून घ्या, बेटावर सोय नाही असं धरून चला.

आणि जाताना गाडीत झोपू नका. वाटेत सिप्पीघाटला रस्त्याच्या कडेने पाणी पसरलेलं दिसेल, मधेच वाळलेले बुंधे. ती भातशेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळपास मीटरभर खचली आणि समुद्र आत आला तो गेलाच नाही. वर उत्तर अंदमानात उलट, तिथे जमीन उचलली गेली आणि किनाऱ्यालगतचं प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेलं. एकच भूकंप, एकीकडे बुडवलं, एकीकडे उघडं पाडलं.

नंदादीप | ३ डिसेंबर

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं! मी त्या पाण्याचे 'काय सुंदर तलाव' म्हणून फोटो काढलेत.

मिशीवाले_मास्तर | ३ डिसेंबर

स्नॉर्कलिंग करणाऱ्या पुरुषवर्गासाठी अनुभवाचे बोल. मास्क मिशीवर बसत नाही. केसांतून पाणी आत येतं, नाक भरतं, माणूस घाबरतो आणि खारं पाणी पिऊन वर येतो. मिशीवर व्हॅसलीनचा जाड थर द्या. आणि काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावून धुवायची. बायको म्हणाली शी. पाच मिनिटांनी तिने पण लावली.

बोंबील_फ्राय | ३ डिसेंबर

मास्तर, मिशी काढली असती तर?

मिशीवाले_मास्तर | ३ डिसेंबर

समुद्र सोडेन.

पोळीचा_लाडू | ४ डिसेंबर

प्लॅस्टिकबद्दल कुणी लिहिलं नाही का अजून? वांडूरला बॅगेतून सगळं प्लॅस्टिक काढून घेतात. बिस्किटाचा पुडा, वेफर्स, पाण्याची बाटली, सगळं. पाण्यासाठी परत वापरायच्या बाटल्या डिपॉझिटवर देतात आणि येताना मोजून परत घेतात. माझ्या मावशीने भडंग तीन पिशव्यांत भरून पर्सच्या तळाशी लपवलं होतं, वर देवाचं पुस्तक. तिथली बाई शांतपणे म्हणाली, "आंटीजी, भगवान को साइड में रखिए." मावशी अजून त्या प्रसंगावर बोलत नाही.

दुपारची_डुलकी | ४ डिसेंबर

हाहा, हे आईला वाचून दाखवलं, ती हसली नाही, म्हणजे तिचाही तोच प्लॅन होता :) पण एक खरा प्रश्न, बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या पट्ट्यांचं काय करायचं?

चिंचेचा_कोळ | ४ डिसेंबर

औषधाला कुणी अडवत नसावं, पण कटकटच नको असेल तर त्या दिवसापुरत्या गोळ्या कापून स्टीलच्या डबीत टाका. आमच्या आजीची कुंकवाची जुनी डबी याच कामाला लावलीये. आजोबांच्या गोळीला मात्र कायम लालसर छटा असते.

प्रवाळ_आणि_पोहे | ४ डिसेंबर

सागरी जीवशास्त्र शिकलोय, आता बँकेत आहे, त्यामुळे अशा धाग्यांची वाटच बघत असतो.

@वऱ्हाडी_ठेचा, तुम्हाला करडं दिसलं यात तुमची चूक नाही, पण त्याची दोन वेगळी कारणं असू शकतात आणि लोक ती एकात एक मिसळतात. पहिलं म्हणजे निरोगी प्रवाळ बहुतेक वेळा दिसतंच मुळी तपकिरी, शेवाळी, मातकट पिवळं. प्रवाळ म्हणजे दगड नाही, त्यात बारीक बारीक प्राणी असतात, आणि त्यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. शैवाल उन्हावर अन्न करतं, प्राण्याला भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा देतं. तो तपकिरी रंग त्या भाडेकरूचा. शिवाय पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, चार-पाच मीटर खाली लाल वस्तू काळपट दिसते. इन्स्टावरचे गुलाबी-जांभळे फोटो खाली दिवा नेऊन काढलेले असतात, नाहीतर मोबाइलवर रंग चढवलेले.

दुसरं कारण वाईट. पाणी नेहमीपेक्षा अंश-दीड अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की प्राणी त्या शैवालाला बाहेर काढतो. मग खालचा चुन्याचा सांगाडा पांढरा दिसायला लागतो. अंदमानात १९९८ ला झालं, आणि २०१० च्या एप्रिल-मेमध्ये तर फार मोठ्या प्रमाणावर, वांडूरच्या उद्यानातसुद्धा. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, नाही निवलं तर प्राणी उपाशी मरतो आणि सांगाड्यावर दुसरंच शेवाळ चढतं, ते खरं मेलेलं करडं. वरून बोटीतून दोन्ही सारखीच वाटतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे मासे. फुलपाखरू मासे जोडीने टोचा मारत फिरतायत तिथे प्रवाळ जिवंत आहे, कारण त्यांतल्या कितीतरी जाती तेच खातात.

म्हणून डुलकीताई/दादा, लेकीला आधीच सांगून ठेवा, गुलाबी थर्माकोल शोधू नकोस, मासे शोध.

वऱ्हाडी_ठेचा | ५ डिसेंबर

हे बोटवाल्याने सांगितलं असतं तर दीडशे शब्दांत माझी ट्रिप सुधारली असती. मत अर्धं मागे घेतो. भज्यांचं कायम.

लाटांवर_लटकलेला | ५ डिसेंबर

मी २००३ मध्ये गेलो होतो, कॉलेजात असताना, चेन्नईहून जहाजाने, जवळपास तीन दिवस, त्यातले दोन उलट्यांत. पुन्हा २०१५ ला बायको-मुलांबरोबर. फरक आहे हो. २००३ ला उथळात शिंगांच्या झुडपासारखं प्रवाळ होतं, इतकं दाट की पाय टेकायला जागा नाही, २०१५ ला त्याच बाजूला तुकडे पडलेले, जसं कुणी घर पाडून राबीट टाकलंय. मासे मात्र होते. मुलं खूश, मी एकटाच पाण्याखाली वाईट वाटून घेत होतो, आणि मास्कमध्ये वाईट वाटून घेणं ही फार गैरसोयीची गोष्ट आहे.

बंगालच्या_उपसागरातून | ५ डिसेंबर

पाय टेकायला जागा नाही, म्हणजे दादा तेव्हा तुम्ही पाय कुठे टेकवला होतात? ;)

लाटांवर_लटकलेला | ५ डिसेंबर

पकडलंत. तेव्हा कुणी सांगत नव्हतं हो.

मालवणी_बांगडा | ५ डिसेंबर

आमच्याकडे येवा की रे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती, त्यातही प्रवाळ आहे. पुण्याहून रात्री बसा, सकाळी पाण्यात. कशाला विमान आणि कशाला परमिट?

प्रवाळ_आणि_पोहे | ५ डिसेंबर

बांगडाशेठ, मालवणचं प्रवाळ मलाही जवळचं, पण तुलना करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ, बऱ्याचदा हाताची बोटं दिसत नाहीत. त्या गाळातही ते टिकलंय हे जास्त कौतुकाचं. खरी गंमत तर विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर आहे, आंग्रिया बँक, समुद्रात बुडालेलं पठार, त्यावर प्रवाळ. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. पण तिथे पाय ठेवायला बेटच नाही, त्यामुळे तुमच्या आईंच्या गुडघ्यांचा प्रश्नच मिटला.

मालवणी_बांगडा | ५ डिसेंबर

गढूळ असला तरी आमचा आसा. आणि वर इल्यावर सोलकढी मिळता. जॉली बॉयक मिळता?

वऱ्हाडी_ठेचा | ५ डिसेंबर

बांगडाशेठ +१. माझा पक्ष वाढतोय.

इतिहासाचे_पान | ६ डिसेंबर

अवांतर आहे, पण राहवत नाही. अंदमानात आणखी एक सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९९६ चं, आणि त्याचं नाव राणी झांशी सागरी राष्ट्रीय उद्यान. आपल्या तांब्यांच्या मनूच्या नावाने! आता मजा बघा. ते आहे रिची द्वीपसमूहात, हॅवलॉकच्या शेजारी. आणि या समूहातली बेटं इंग्रजांनी ठेवलेल्या नावांची, हॅवलॉक, नील, आउटरम, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स, निकोल्सन, म्हणजे १८५७ चं बंड मोडणाऱ्यांची जवळपास हजेरीच. जुन्या नकाशात सर ह्यू रोझ नावाचंसुद्धा बेट आहे, झाशी घेणारा तो हाच. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला वसाहत केली ती त्याच बंडातल्या कैद्यांसाठी, तेव्हा बेटांना नावं त्यांच्या त्या वेळच्या हिरोंची. पुढे त्याच बेटांच्या मधोमध राणीच्या नावाचं उद्यान. ज्या कुणी हे नाव सुचवलं त्याने नकाशा उघडून सुचवलं असणार असं मला मनापासून वाटतं. २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, ते तर सगळ्यांना माहितीच आहे.

पोळीचा_लाडू | ६ डिसेंबर

भारीच! अजून एक अवांतर. जुन्या लाल वीसच्या नोटेमागे जे नारळीचं चित्र होतं ते नॉर्थ बेचं, माउंट हॅरिएटवरून दिसणारं. नव्या वीसच्या नोटेवर वेरूळ. म्हणजे अंदमानची जागा आपण पळवली.

तर्कट_तात्या | ६ डिसेंबर

सेल्युलर जेलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोठडीबद्दल लोक जे

[या प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरचे अकरा प्रतिसाद संपादित. तो विषय वेगळ्या धाग्यावर घ्या, इथे बेटं आणि गुडघे एवढंच. - संपादक]

चिंचेचा_कोळ | ७ डिसेंबर

'बेटं आणि गुडघे' हे धाग्याचं शीर्षक करा.

पट्टायाचा_पाटील | ७ डिसेंबर

बँकॉकला नोकरीला आहे. थायलंड सांगू नका म्हणालात, तरी सांगतो, पण तुमच्या बाजूने. फी फीची माया बे, तीही राष्ट्रीय उद्यानातच आहे. रोज हजारो माणसं, बोटींचे नांगर प्रवाळावर. शेवटी २०१८ च्या जूनमध्ये बंद केली ती २०२२ च्या जानेवारीत उघडली, आता बोटी मागच्या बाजूने येतात आणि पर्यटकांना गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात सोडत नाहीत. म्हणजे आधी वाट लावायची, मग साडेतीन वर्षं टाळं. अंदमानवाल्यांचा एक बेट उघडं एक मिटलेलं हा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो.

आणि ते सनस्क्रीन. काही सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनने प्रवाळाला त्रास होतो म्हणून थायलंडच्या सागरी उद्यानांत २०२१ पासून बंदी आहे. तुमच्याकडे बंदी असो नसो, पाण्यात जायचं तर लांब बाह्यांचा टीशर्ट घाला. पाठही जळत नाही.

अबोली_सात | ७ डिसेंबर

मगरींबद्दल कुणीच का बोलत नाहीये?? मी वांडूरच्या किनाऱ्यावर पाटी वाचली आणि परत गाडीत जाऊन बसले.

बंगालच्या_उपसागरातून | ७ डिसेंबर

बरं झालं विचारलंत. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या गंमत नाहीत. २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगरच्या शेजारच्या कोपऱ्यात स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी मुलीचा जीव गेला होता. वांडूरच्या आसपास खाड्या आणि खारफुटी आहे, मगरीचं घरच ते, लोहाबॅरकचं मगरींसाठीचं अभयारण्यही त्याच बाजूला. म्हणून वांडूर बीचवर पाटी असेल तिथे पोहायचं नाही, 'फक्त पाय भिजवतो' पण नाही. जॉली बॉयला ठरवून दिलेल्या पट्ट्यातच उतरवतात आणि गाइड बरोबर असतो. त्याच्या पुढे शहाणपणा करायचा नाही.

आणि शंख, शिंपला, प्रवाळाचा मेलेला तुकडा, काहीही उचलून आणू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. विमानतळावर एक्स-रेत दिसतं. आमच्या एका पाहुण्याने लेकीच्या मोज्यात घातला होता तुकडा. मोजा उलटा करून दाखवावा लागला सगळ्यांसमोर.

बोंबील_फ्राय | ७ डिसेंबर

देवाचं पुस्तक, मोजा... मराठी माणसाची तस्करीची कला इतकी कच्ची असावी?

नंदादीप | ८ डिसेंबर

डुलकी, मग ठरलं का? एलिफंट बीचचाही विचार करा. हॅवलॉकला जाणारच असाल तर तिथून बोटीने अर्ध्या तासाच्या आत. प्रवाळ किनाऱ्यालगतच आहे, लेकीला सोपं पडेल. गर्दी मात्र जत्रेसारखी.

दुपारची_डुलकी | ९ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. परमिट काढलंय, बुधवारचं. (सोमवार नाही, नोंद घ्यावी.) एजंट जरा फुगलाय. बाबा म्हणतात मी बोटीतच बसेन. आल्यावर लिहितो.

बोंबील_फ्राय | ९ डिसेंबर

असं सगळेच म्हणतात. या संस्थळावर 'आल्यावर लिहितो' ची स्मशानभूमी आहे.

दुपारची_डुलकी | २६ जानेवारी

बोंबील, हे घे, आल्यावर लिहितोय. आज सुट्टी आहे म्हणून, नाहीतर तुझंच खरं झालं असतं.

वांडूरला आईची पर्स तपासली. काही निघालं नाही. बाबांच्या खिशातून कंगवा निघाला. त्यांना टक्कल पडून पंचवीस वर्षं झाली. ठेवून घेतला आणि चिठ्ठी दिली.

बोट खारफुटीच्या मधून जाते तो भाग मला सगळ्यात आवडला आणि त्याबद्दल इथे कुणी फारसं लिहिलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना मुळं पाण्यावर कमानी करून उभी, झाडाला जणू चालत निघायचंय आणि कुणीतरी थांब म्हटलंय. पाणी हिरवं, मग एकदम खाडी संपते आणि निळं लागतं. आई तेवढ्यात म्हणाली, "झालं, मी बघितला समुद्र, आता परत गेलो तरी चालेल."

उतरताना लाट होती. मोठ्या बोटीतून छोटीत जाताना आई अर्ध्यात थांबली, एक पाय इकडे एक तिकडे, आणि तिथे उभी राहून मला म्हणाली "तू आधी नीट सांगायला हवं होतंस". बोटीवरच्या दोन पोरांनी तिला काखेत धरून सरळ उचलून ठेवलं. बेटावर उतरल्यावर मात्र ती हललीच नाही, झाडाच्या सावलीत बसली आणि दोन तास शंखातले खेकडे बघत होती. एक छोट्या शंखातून मोठ्या शंखात घर बदलताना दिसला तिला. घरी आल्यापासून जो भेटेल त्याला ते सांगतेय, वांडूर, जॉली बॉय, प्रवाळ यातलं काही तिच्या गोष्टीत नाही.

लेक गाइडची ट्यूब धरून पाण्यात तोंड घालून गेली. मी पण. प्रवाळ_आणि_पोहे, तुमचं ऐकून मासे शोधायला सांगितलं होतं, जोडीजोडीने पिवळे फुलपाखरू मासे दिसले, आणि मोठा निळ्या ओठांचा शिंपला, आम्ही वर गेलो तसा मिटला. लाटांवर_लटकलेला म्हणतात तसं राबीटही आहे, खोटं कशाला बोलू, एका बाजूला तर बरंच. लेक बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, माझं प्रोजेक्ट चुकीचं होतं. तपकिरी रंग द्यायला पाहिजे होता." शाळेत नेऊन परत रंगवायचं म्हणतेय. बाईंनी ऑलरेडी मार्क दिलेत, ए प्लस.

आणि बाबा. ते खरंच छोट्या बोटीत आलेच नाहीत, मोठ्या बोटीवर राहिले. मला वाईट वाटत होतं. परत आलो तर ते आणि बोटीवरचा एक साठीचा खलाशी मांडी घालून बसलेले, बाबांचं नागपुरी हिंदी जोरात चालू. तो माणूस तिथला 'लोकल बॉर्न', त्याच्या पणजोबांना काळ्या पाण्याची शिक्षा झालेली, शिक्षा संपल्यावर ते इथेच राहिले, इथल्याच एका कैदी बाईशी लग्न केलं. घरात सगळे हिंदीच बोलतात, मूळ गाव कुठलं ते कुणाला नक्की माहीत नाही. बाबांनी त्याला विचारलं की परत जावंसं नाही वाटत? तो म्हणाला, "कहाँ?"

आदल्या दिवशी जेलमध्ये बाबा सगळ्या पाट्या वाचत तीन तास फिरले होते, पण मुंबईला परतताना विमानात बोलत होते ते त्याच्याबद्दल.

वऱ्हाडी_ठेचा, भजी वांडूरला मिळाली. परत आल्यावर, जेट्टीबाहेर. कंगवा पण मिळाला.

वऱ्हाडी_ठेचा | २६ जानेवारी

भजी असतात??? मला कुणी का नाही सांगितलं. उरलेलं अर्धं मतही मागे.

प्रवाळ_आणि_पोहे | २६ जानेवारी

लेकीला माझ्याकडून आणखी एक ए प्लस. तो शिंपला ट्रायडॅक्ना, त्याच्या ओठांतही तेच शैवाल भाडेकरू असतं. पुढच्या प्रोजेक्टला द्या.

मिशीवाले_मास्तर | २७ जानेवारी

व्हॅसलीन?

दुपारची_डुलकी | २७ जानेवारी

मास्तर, मला मिशी नाही. पण थुंकी लावली. बायको शी म्हणाली.

सह्याद्रीचा_वारा | ३ फेब्रुवारी

नमस्कार, इथे नवीन आहे. छान धागा, सगळा नाही वाचला. आम्ही दहा जण २० तारखेच्या आठवड्यात जातोय, सोमवारचाच दिवस मोकळा आहे, जॉली बॉय होईल का?

नंदादीप | ३ फेब्रुवारी

अबर्डीन बाजार चांगला आहे.